बेन जॉन्सन उत्तेजक द्रव्य प्रकरण

बेन जॉन्सन उत्तेजक द्रव्य प्रकरण हे १९८८च्या सोल उन्हाळी ऑलिंपिक स्पर्धेतील पुरुषांच्या १०० मीटर शर्यतीशी संबंधित प्रकरण आहे. २४ सप्टेंबर १९८८ रोजी झालेल्या अंतिम फेरीत कॅनडाचे धावपटू बेन जॉन्सन यांनी ९.७९ सेकंद या जागतिक विक्रमी वेळेत सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २७ सप्टेंबर रोजी, त्यांच्या मूत्राच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेले ॲनाबॉलिक स्टेरॉईड आढळल्याचे जाहीर करून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांना अपात्र ठरवले. सुवर्णपदक अमेरिकेच्या कार्ल लुईस यांना देण्यात आले.

या प्रकरणामुळे कॅनडा सरकारने न्यायमूर्ती चार्ल्स डुबिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर आणि क्रीडा संघटना यांच्या उत्तेजक द्रव्य सेवनातील भूमिकेची शपथेवरील साक्षींद्वारे एवढी सविस्तर तपासणी त्यापूर्वी क्वचितच झाली होती. केवळ स्पर्धेच्या दिवशी घेतली जाणारी चाचणी पुरेशी नसते, हा आयोगाचा निष्कर्ष पुढील काळातील चाचणी पद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला.

## पार्श्वभूमी

### स्टेरॉईडवरील बंदी

ॲनाबॉलिक स्टेरॉईड ही टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाशी रचनेने साम्य असलेली कृत्रिम संयुगे आहेत. त्यांच्यामुळे स्नायूंमध्ये प्रथिने तयार होण्याचा वेग वाढतो, कठोर सरावानंतर शरीराची झीज लवकर भरून निघते आणि खेळाडूला अधिक वेळा व अधिक जोमाने सराव करता येतो. यकृताचे विकार, हृदयविकाराचा वाढता धोका, शरीराच्या नैसर्गिक संप्रेरक निर्मितीत घट आणि स्त्रियांमध्ये पुरुषी लक्षणे दिसू लागणे हे त्यांचे काही दुष्परिणाम आहेत.

ऑलिंपिकमध्ये उत्तेजक द्रव्य चाचण्यांना १९६८ साली ग्रेनोबल येथील हिवाळी आणि मेक्सिको सिटी येथील उन्हाळी स्पर्धांपासून सुरुवात झाली. मेक्सिको सिटीत स्वीडनचे आधुनिक पेंटॅथलॉन खेळाडू हान्स-गुन्नार लिल्येनवाल मद्यसेवनाबद्दल अपात्र ठरले. चाचणीमुळे अपात्र ठरलेले ते पहिले ऑलिंपिक खेळाडू होत. स्टेरॉईड ओळखण्याची विश्वसनीय पद्धत त्या वेळी उपलब्ध नव्हती. १९७५ साली स्टेरॉईडचा बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत समावेश झाला आणि १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांच्यासाठी प्रथमच चाचण्या घेण्यात आल्या.

उत्तेजक औषधे शर्यतीच्या आधी घेतली जातात, तर स्टेरॉईड प्रामुख्याने सरावाच्या काळात घेतले जातात. स्पर्धेच्या काही आठवडे आधी सेवन थांबवल्यास शरीरातील त्यांचे अवशेष नाहीसे होऊ शकतात, पण वाढलेल्या ताकदीचा लाभ मात्र टिकून राहतो. १९८०च्या दशकात बहुतेक चाचण्या स्पर्धेच्या वेळीच होत असल्याने या अंतराचा फायदा घेतला जात असे.

### जॉन्सन आणि लुईस

बेन जॉन्सन यांचा जन्म ३० डिसेंबर १९६१ रोजी जमैकातील फाल्मथ येथे झाला. १९७६ साली ते कुटुंबासह कॅनडात स्थायिक झाले. टोरोंटो परिसरात प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सराव सुरू केला. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांना १०० मीटर शर्यतीत आणि ४ × १०० मीटर रिले शर्यतीत कांस्यपदके मिळाली. याच स्पर्धेत कार्ल लुईस यांनी १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली होती.

१९८५पासून जॉन्सन हे लुईस यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी बनले. ३० ऑगस्ट १९८७ रोजी रोम येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत जॉन्सन यांनी ९.८३ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवून लुईस यांना पराभूत केले. कॅल्व्हिन स्मिथ यांचा १९८३मधील ९.९३ सेकंदांचा विक्रम त्यांनी एका दशांश सेकंदाने मागे टाकला. १०० मीटर शर्यतीत एवढी सुधारणा असामान्य मानली जाते. या पराभवानंतर लुईस यांनी काही धावपटू उत्तेजक द्रव्ये घेऊन जिंकत असल्याचे जाहीरपणे सूचित केले, मात्र कोणाचे नाव घेतले नाही.

१९८८च्या पूर्वार्धात जॉन्सन यांना मांडीच्या मागील स्नायूची दुखापत झाली. त्यांचे डॉक्टर जेमी ॲस्टाफन यांनी सेंट किट्स बेटावर त्यांच्यावर उपचार केले. १७ ऑगस्ट १९८८ रोजी झुरिक येथील शर्यतीत लुईस यांनी ९.९३ सेकंदांत विजय मिळवला, तर जॉन्सन १०.०० सेकंदांसह तिसरे आले. सोलच्या स्पर्धेस तेव्हा जेमतेम महिना उरला होता.

## अंतिम शर्यत

सोलमध्ये उपांत्यपूर्व फेरीत जॉन्सन तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि वेळेच्या आधारे पुढील फेरीत गेले. लुईस यांनी मात्र प्राथमिक फेऱ्यांमध्ये उत्तम वेळा नोंदवल्या होत्या. अंतिम शर्यत २४ सप्टेंबर रोजी दुपारी झाली. जॉन्सन सहाव्या आणि लुईस तिसऱ्या मार्गिकेत होते. जॉन्सन यांनी सुरुवातीच्या टप्प्यातच आघाडी घेतली आणि ती अखेरपर्यंत टिकवली. अंतिम रेषा पार करण्यापूर्वीच त्यांनी उजवा हात उंचावून बोट आकाशाकडे रोखले होते. वाऱ्याचा वेग सेकंदाला १.१ मीटर, म्हणजे नियमाने मान्य असलेल्या २.० मीटरच्या मर्यादेत होता.

शर्यतीनंतर कॅनडात आनंदोत्सव साजरा झाला. पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी जॉन्सन यांना दूरध्वनी करून अभिनंदन केले आणि हा संवाद दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित झाला.

| धावपटू | देश | वेळ (सेकंद) | मूळ क्रमांक | अंतिम क्रमांक |
|---|---|---|---|---|
| बेन जॉन्सन | कॅनडा | ९.७९ | १ | अपात्र |
| कार्ल लुईस | अमेरिका | ९.९२ | २ | १ |
| लिनफर्ड क्रिस्टी | ब्रिटन | ९.९७ | ३ | २ |
| कॅल्व्हिन स्मिथ | अमेरिका | ९.९९ | ४ | ३ |
| डेनिस मिचेल | अमेरिका | १०.०४ | ५ | ४ |
| रॉब्सन दा सिल्वा | ब्राझील | १०.११ | ६ | ५ |
| डेसाई विल्यम्स | कॅनडा | १०.११ | ७ | ६ |
| रे स्टुअर्ट | जमैका | १२.२६ | ८ | ७ |

जमैकाचे रे स्टुअर्ट यांना शर्यतीदरम्यान दुखापत झाल्याने त्यांची वेळ बरीच मागे राहिली.

## चाचणी आणि अपात्रता

### नमुन्याचे विश्लेषण

प्रचलित नियमांनुसार पदकविजेत्या धावपटूंचे मूत्राचे नमुने शर्यतीनंतर घेण्यात आले. प्रत्येक नमुना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत विभागून मोहोरबंद केला जातो. बाटलीवर खेळाडूचे नाव नसते, फक्त सांकेतिक क्रमांक असतो. त्यामुळे नमुना कोणाचा आहे हे विश्लेषण करणाऱ्या तंत्रज्ञांना ठाऊक नसते. ‘अ’ नमुन्यात बंदी असलेले द्रव्य आढळल्यास सांकेतिक क्रमांकावरून खेळाडूची ओळख पटवली जाते, त्याच्या पथकाला कळवले जाते आणि पथकाच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीत ‘ब’ नमुना उघडून पुन्हा तपासला जातो.

सोलमधील प्रयोगशाळेचे प्रमुख पार्क जोंग-से हे होते. तेथे गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या जोड पद्धतीचा वापर करण्यात आला. या पद्धतीत नमुन्यातील घटक प्रथम परस्परांपासून वेगळे केले जातात. त्यानंतर प्रत्येक घटकाच्या रेणूंचे तुकडे करून त्यांचे वस्तुमान मोजले जाते. प्रत्येक संयुगाचे तुकडे ठरावीक प्रकारे होत असल्याने त्यावरून संयुगाची ओळख पटते. स्टॅनोझोलॉल शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे रूपांतर होते. त्यामुळे मूत्रात मूळ द्रव्यापेक्षा चयापचयातून निर्माण झालेल्या संयुगांचा शोध घेतला जातो. जॉन्सन यांच्या दोन्ही नमुन्यांत स्टॅनोझोलॉलच्या सेवनाचे पुरावे आढळले.

### सुनावणी

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या वैद्यकीय आयोगाचे अध्यक्ष अलेक्झांडर द मेरोद यांच्यासमोर सुनावणी झाली. जॉन्सन यांची बाजू कॅनडाचे विधिज्ञ आणि ऑलिंपिक समितीचे तत्कालीन उपाध्यक्ष रिचर्ड पाउंड यांनी मांडली. जॉन्सन यांनी जाणीवपूर्वक कोणतेही द्रव्य घेतले नाही, चाचणी कक्षात एक अनोळखी व्यक्ती उपस्थित होती आणि तिने त्यांच्या पेयात काहीतरी मिसळले असावे, असा कॅनडाच्या पथकाचा दावा होता.

हा दावा टिकला नाही. आयोगाचे सदस्य आणि कोलोन येथील रसायनशास्त्रज्ञ मान्फ्रेड डोनिके यांनी जॉन्सन यांच्या नमुन्यातील नैसर्गिक संप्रेरकांच्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. बाहेरून दीर्घकाळ स्टेरॉईड घेतल्यास शरीर स्वतःची संप्रेरक निर्मिती कमी करते. जॉन्सन यांच्या नमुन्यात अशी घट दिसत होती. एका दिवशी पेयात मिसळलेल्या द्रव्याने ती होणे शक्य नव्हते. माजी व्यावसायिक सायकलपटू असलेले डोनिके उत्तेजक द्रव्य विश्लेषणाच्या क्षेत्रातील अग्रणी मानले जात.

२७ सप्टेंबर रोजी अपात्रतेचा निर्णय जाहीर झाला. कॅनडाच्या पथकप्रमुख कॅरल ॲन लेथेरन यांनी जॉन्सन यांच्याकडून सुवर्णपदक परत घेतले. आंतरराष्ट्रीय मैदानी खेळ महासंघाने त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. कॅनडाचे क्रीडा राज्यमंत्री ज्याँ शारे यांनी त्यांना राष्ट्रीय संघातून कायमचे वगळत असल्याचे घोषित केले. हा निर्णय पुढे मागे घेण्यात आला. दियादोरा या इटालियन कंपनीसोबतचा जॉन्सन यांचा जाहिरात करारही संपुष्टात आला.

सोल ऑलिंपिकमध्ये एकूण दहा खेळाडू उत्तेजक द्रव्य चाचणीत दोषी ठरले. बल्गेरियाचे दोन सुवर्णपदक विजेते भारोत्तोलक मित्को ग्राब्लेव्ह आणि आंगेल गेन्चेव्ह फ्युरोसेमाइड या मूत्रवर्धक औषधामुळे अपात्र ठरल्यानंतर त्या देशाने आपला संपूर्ण भारोत्तोलन संघ माघारी बोलावला.

## डुबिन आयोग

ऑक्टोबर १९८८मध्ये कॅनडा सरकारने चौकशी आयोग स्थापन केला. जॉन्सन प्रकरणाबरोबरच, सोलला जाण्यापूर्वी कॅनडाचे चार भारोत्तोलक चाचणीत दोषी आढळल्याचा संदर्भही त्यामागे होता. आयोगाचे कामकाज १९८९च्या जानेवारीत सुरू झाले. शंभराहून अधिक साक्षीदारांची साक्ष नोंदवण्यात आली आणि कामकाजाचा बराचसा भाग दूरचित्रवाणीवरून दाखवण्यात आला.

### साक्षी

प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी अनेक दिवस चाललेल्या साक्षीत सांगितले, की जॉन्सन १९८१पासून स्टेरॉईड घेत होते. जागतिक पातळीवरील अन्य धावपटूही स्टेरॉईड घेत असल्यामुळे ते न घेणारा धावपटू प्रत्यक्षात मागून सुरुवात करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जॉन्सन यांच्या सहकारी धावपटू अँजेला इसाजेंको यांनी आपल्या दैनंदिनीतील नोंदींच्या आधारे द्रव्यांची नावे, मात्रा आणि तारखा सांगितल्या.

डॉ. ॲस्टाफन यांनी खेळाडूंना दुधासारख्या पांढऱ्या द्रवाची इंजेक्शने दिली होती. हे द्रव्य ‘एस्ट्रागॉल’ या नावाने दिले जात असे आणि ते फुराझाबॉल हे वेगळे स्टेरॉईड असल्याचे सांगितले जाई. आयोगाने मात्र ते विन्स्ट्रॉल-व्ही, म्हणजे जनावरांसाठी तयार केलेले स्टॅनोझोलॉल असल्याचा निष्कर्ष काढला. पाण्यात मिसळलेल्या सूक्ष्म कणांच्या स्वरूपातील अशा इंजेक्शनातील द्रव्य स्नायूतून रक्तात हळूहळू उतरते. जॉन्सन यांना ऑगस्ट १९८८च्या अखेरीस, म्हणजे शर्यतीच्या सुमारे चार आठवडे आधी ही इंजेक्शने देण्यात आली होती. एवढ्या अवधीत शरीर ‘स्वच्छ’ होईल हा अंदाज चुकीचा ठरला. आपल्या शरीरात नेमके कोणते द्रव्य टोचले जात आहे, हे खेळाडूंना ठाऊक नव्हते, ही बाब साक्षींमधून स्पष्ट झाली.

जून १९८९मध्ये जॉन्सन यांनी आयोगासमोर स्टेरॉईड सेवनाची कबुली दिली. पूर्वी केलेला इन्कार खोटा होता, हेही त्यांनी मान्य केले.

### निष्कर्ष

आयोगाचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते:

* उत्तेजक द्रव्यांचा वापर एका खेळाडूपुरता किंवा एका देशापुरता मर्यादित नसून तो व्यापक आहे.
* स्पर्धेच्या वेळी होणाऱ्या चाचणीत प्रामुख्याने निष्काळजी किंवा चुकीची माहिती मिळालेले खेळाडूच सापडतात. चाचणीत निर्दोष ठरणे हा सेवन न केल्याचा पुरावा नव्हे.
* सरावाच्या काळात, पूर्वसूचना न देता घेतलेल्या चाचण्यांखेरीज स्टेरॉईडचा वापर रोखता येणार नाही.
* राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटनांना या समस्येची कल्पना असूनही त्यांनी पुरेशी कारवाई केली नाही.
* खेळाडूबरोबरच त्याला द्रव्ये पुरवणारे प्रशिक्षक, डॉक्टर आणि अधिकारीही जबाबदार आहेत.

## विक्रमांची फेरनोंद

जॉन्सन यांचा सोलमधील ९.७९ सेकंदांचा विक्रम मान्य झालाच नाही. रोममधील ९.८३ सेकंदांच्या विक्रमाची स्थिती वेगळी होती; त्या वेळच्या चाचणीत ते निर्दोष ठरले होते. परंतु स्टेरॉईड सेवनाची शपथेवर कबुली देणाऱ्या खेळाडूंचे विक्रम रद्द करण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय महासंघाने सप्टेंबर १९८९मध्ये घेतला. त्यानुसार १ जानेवारी १९९०पासून रोमचा विक्रम नोंदीतून काढण्यात आला आणि १९८७चे जागतिक अजिंक्यपद लुईस यांना देण्यात आले. लुईस यांची सोलमधील ९.९२ सेकंदांची वेळ जागतिक विक्रम म्हणून ग्राह्य धरण्यात आली. ९.७९ सेकंद ही वेळ पुढे जून १९९९मध्ये अमेरिकेच्या मॉरिस ग्रीन यांनी अथेन्स येथे नोंदवली आणि ती जागतिक विक्रम म्हणून मान्य झाली.

## जॉन्सन यांची पुढील कारकीर्द

बंदीचा काळ संपल्यावर जॉन्सन १९९१मध्ये स्पर्धांत परतले. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्यांनी उपांत्य फेरी गाठली, परंतु तेथे ते शेवटच्या क्रमांकावर राहिले. जानेवारी १९९३मध्ये मॉन्ट्रियल येथील स्पर्धेत त्यांच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉनचे अतिरिक्त प्रमाण आढळल्याने त्यांच्यावर आजन्म बंदी घालण्यात आली. १९९९मध्ये पुन्हा घेतलेल्या चाचणीत हायड्रोक्लोरोथायझाइड हे मूत्रवर्धक आढळले. अशी औषधे अन्य द्रव्यांचे अवशेष झाकण्यासाठी वापरली जात असल्याने त्यांच्यावरही बंदी आहे.

## अंतिम फेरीतील अन्य धावपटू

सोलच्या अंतिम फेरीतील आठपैकी सहा धावपटूंची नावे त्यांच्या कारकिर्दीत किंवा नंतर कधी ना कधी उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांशी जोडली गेली. मात्र या प्रकरणांचे स्वरूप एकसारखे नाही.

* कार्ल लुईस : १९८८च्या अमेरिकी ऑलिंपिक निवड चाचणीत त्यांच्या नमुन्यात सर्दीच्या औषधांत आढळणारी सौम्य उत्तेजके सापडली होती. हे सेवन अनवधानाने झाल्याचे मान्य करून अमेरिकी ऑलिंपिक समितीने त्यांना दोषमुक्त केले. ही माहिती २००३ साली उघड झाली.
* लिनफर्ड क्रिस्टी : सोलमध्येच २०० मीटर शर्यतीनंतरच्या नमुन्यात स्यूडोएफेड्रिन आढळले, परंतु वैद्यकीय आयोगाने अकरा विरुद्ध दहा मतांनी त्यांना दोषमुक्त केले. १९९९मध्ये नँड्रोलोनच्या चाचणीत दोषी आढळल्याने त्यांच्यावर बंदी आली.
* डेनिस मिचेल : १९९८मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या अतिरिक्त प्रमाणामुळे दोषी ठरले.
* डेसाई विल्यम्स : डुबिन आयोगाच्या चौकशीत स्टेरॉईड सेवनाच्या संदर्भात त्यांचे नाव आले.
* रे स्टुअर्ट : पुढे प्रशिक्षक म्हणून काम करताना बंदी असलेल्या द्रव्यांच्या पुरवठ्याबद्दल २०१० साली त्यांच्यावर आजन्म बंदी घालण्यात आली.

कॅल्व्हिन स्मिथ आणि रॉब्सन दा सिल्वा यांची नावे अशा कोणत्याही प्रकरणात आली नाहीत. चौथ्या क्रमांकावर आलेल्या स्मिथ यांना जॉन्सन अपात्र ठरल्यावर कांस्यपदक मिळाले. त्या शर्यतीचे सुवर्णपदक आपल्याला मिळायला हवे होते, असे मत त्यांनी पुढे व्यक्त केले.

## परिणाम आणि वारसा

डुबिन आयोगाच्या शिफारशींनंतर १९९१ साली कॅनडात उत्तेजकमुक्त क्रीडेसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. क्रीडा संघटनांनी स्वतःच्याच खेळाडूंची चौकशी करणे हितसंबंधांच्या दृष्टीने योग्य नाही, हा विचार त्यातून पुढे आला. १९९८मधील टूर द फ्रान्स सायकल शर्यतीतील फेस्टिना प्रकरणानंतर त्याला आंतरराष्ट्रीय स्तरावर गती मिळाली आणि १० नोव्हेंबर १९९९ रोजी जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था, अर्थात वाडा, स्थापन झाली. सोलमध्ये जॉन्सन यांची बाजू मांडणारे रिचर्ड पाउंड हे तिचे पहिले अध्यक्ष झाले.

वाडाची जागतिक संहिता १ जानेवारी २००४ रोजी अमलात आली. नमुन्यात द्रव्य आढळल्यास, ते कोणत्या हेतूने घेतले याचा विचार न करता, खेळाडू नियमभंगास जबाबदार असतो. हेतू किंवा निष्काळजीपणा यांचा विचार शिक्षेचा कालावधी ठरवताना होतो. पूर्वसूचनेविना चाचणी घेता यावी यासाठी प्रमुख खेळाडूंना रोजच्या एका ठरावीक तासाचा ठावठिकाणा आधी कळवावा लागतो. बारा महिन्यांत तीन वेळा चाचणी चुकल्यास किंवा ठावठिकाण्याची माहिती न दिल्यास तो नियमभंग मानला जातो. २००९पासून खेळाडूच्या रक्तातील घटकांच्या दीर्घकालीन नोंदी ठेवणारे जैविक पारपत्रही वापरात आले.

नमुने दहा वर्षांपर्यंत जतन करून नव्या पद्धतींनी पुन्हा तपासण्याची तरतूदही संहितेत आहे. २००८च्या बीजिंग आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमधील नमुन्यांच्या फेरतपासणीत शंभराहून अधिक खेळाडू दोषी ठरले. त्या वेळी सर्वाधिक आढळलेल्या द्रव्यांमध्ये स्टॅनोझोलॉलचा समावेश होता. शरीरात दीर्घकाळ टिकणारी त्याची चयापचयजन्य संयुगे ओळखण्याची पद्धत दरम्यानच्या काळात विकसित झाली होती. मूळ स्पर्धेच्या वेळी यांतील खेळाडू चाचणीत निर्दोष ठरले होते.

## माध्यमांतील चित्रण

या शर्यतीवर ब्रिटिश लेखक रिचर्ड मूर यांचे ‘द डर्टिएस्ट रेस इन हिस्टरी’ हे पुस्तक २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अंतिम फेरीतील आठही धावपटूंच्या वाटचालीचा मागोवा घेणारा ‘नाइन पॉइंट सेव्हन नाइन’ हा माहितीपट प्रदर्शित झाला.

## हेही पहा

* १९८८ उन्हाळी ऑलिंपिक
* ॲनाबॉलिक स्टेरॉईड
* जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था
* कार्ल लुईस
* १०० मीटर शर्यतीतील जागतिक विक्रमांची यादी